पिंट्या नक्की कोण आहे?

तान्हं बाळ झोपेत गालातल्या गालात हसलं की घरातली आजी सांगते, "सटवाई हसवतेय." झोपेत रडलं तरी सटवाईच. ही तीच, पाचवी-सहावीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाणारी. म्हणजे बघा, कुणालाही न दिसणारी एक बाई रात्री-अपरात्री पाळण्याशी येऊन आपल्या बाळाशी खेळते, आणि यावर घरात कुणीही घाबरत नाही. उलट सगळे कौतुकाने पाळण्याभोवती जमतात. हल्ली तर व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात.

तेच मूल चार वर्षांचं झालं आणि कोपऱ्यात बसून न दिसणाऱ्या कुणाशी तरी गप्पा मारायला लागलं, की त्याच घरात दृष्ट काढायच्या मोहऱ्या आणि सायकॉलॉजिस्टचा नंबर एकदमच शोधायला घेतात. मला हे लॉजिक कळत नाही. मधल्या चार वर्षांत बदललं काय? मूल बोलायला लागलं, एवढंच ना?

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझी पुतणी. माझ्या मावसभावाची मुलगी, वय वर्षं साडेचार. लालबागला मावशीची चाळ होती, ती पाडून तिथे टॉवर झाला आणि मंडळी सोळाव्या मजल्यावर गेली. दादा-वहिनी दोघंही नोकरीला. दुपारी शाळेतून आल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत घरात मावशी आणि ही. मावशीचे गुडघे दुखतात, त्यामुळे खाली खेळायला नेणं होत नाही. शेजारचे दोन फ्लॅट बंद, इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेले.

तर गेल्या पावसाळ्यात तिला एक मित्र मिळाला. पिंट्या. तो ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे राहतो. सात वर्षांचा आहे, हाफ पँट घालतो, आणि लिफ्ट वापरत नाही, जिन्याने येतो. सोळा मजले! हे सगळं तिने मला अगदी गंभीरपणे सांगितलं, "काका, तू त्याच्यावर बसलायस" हेही सांगितलं. मी उठलो. उठायलाच हवं होतं.

इथपर्यंत सगळं मजेत चाललेलं. मग एक दिवस जुन्या चाळीतल्या एक आजी मावशीकडे चहाला आल्या आणि पिंट्याचं नाव ऐकून त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, आपल्या चाळीत होता की पिंट्या. संपाच्या वर्षी कावीळ होऊन गेला तो." संप म्हणजे 1982 चा, गिरणी कामगारांचा. गिरणगावात नुसतं 'संप' म्हटलं तरी तोच.

झालं. त्या रात्री मावशीने मीठ-मोहरी ओवाळली. वहिनीने ऑफिसमध्ये विचारून एका काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेतली. आणि आमच्या दादाने (तोही आमच्याच धंद्यातला) ड्राय बाल्कनीत कॅमेरा लावला. मोशन डिटेक्शनवाला! दोन रात्रीत त्यात एक कबूतर सापडलं.

मला तिघांचंही हसू आलं आणि थोडा रागही आला. कारण पिंट्याबद्दल पुतणीला सोडून बाकी सगळ्यांना विचारून झालं होतं.

आता जरा डीबगिंग करू. एक, गिरणगावातल्या कुठल्याही चाळीत एक तरी पिंट्या, एक बंड्या आणि एक बाळ्या असायचाच. 'राजवर्धन' नावाचा काल्पनिक मित्र निघाला असता आणि त्याच नावाचा मुलगा 1982 साली गेलेला निघाला असता, तर मीही थोडा विचारात पडलो असतो. दोन, पोरीकडे माहिती कुठून आली? मावशी दिवसातले तीन तास फोनवर असते, जुन्या शेजारणींशी. विषय एकच, चाळ. कोण कुठे गेलं, कुणाचा मुलगा काय करतो, कोण किती लहानपणी वारला. मूल टीव्ही बघत असतं म्हणून आपण समजतो ते ऐकत नाही. ते सगळं ऐकतं. हाफ पँट, जिना, सात वर्षं, हा सगळा डेटा त्याच फोनमधून आलाय अशी मला तरी जवळजवळ खात्री आहे.

पण गंमत म्हणजे हे पटलं तरी प्रश्न सुटत नाही. कारण 'पिंट्या भूत आहे की नाही' हा प्रश्नच पुतणीचा नाही, तो मोठ्यांचा आहे. तिला विचारा. मी विचारलं. "पिंट्या खरा आहे का गं?" तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणाली, "काका, तो खोटा-खोटा आहे. पण त्याला सांगू नकोस."

याच्यावर आणखी काय बोलणार? मार्जोरी टेलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. 1999 मध्ये त्यांचं या विषयावर पुस्तक आलं. त्यांचंही निरीक्षण हेच, की बहुतेक मुलांना आपला मित्र खरा नाही हे पक्कं माहीत असतं. 2004 च्या त्यांच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी 65 टक्क्यांना कधी ना कधी असा मित्र होता. त्यातल्या काहींच्या आईबापांना पत्ताच नव्हता! आणि ही मुलं बुजरी-घुमी असतील असं वाटतं ना? तर तसंही नाही, ती सरासरीने जरा कमीच लाजरी निघाली. तेव्हा 'बिचारी एकटी पडलीय म्हणून भ्रम होतायत' हे वहिनीचं म्हणणंही सरसकट खरं नाही. हां, वेळ भरपूर आणि माणसं कमी असली की असा मित्र यायला जागा मिळते, हे मात्र खरं. पहिल्या आणि एकुलत्या एक मुलांमध्ये असे मित्र जास्त दिसतात.

अमेरिका कशाला, दादरला शिवाजी मंदिरला जा. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' 2018 पासून पुन्हा रंगभूमीवर आलं, वैभव मांगले चेटकीण झाला. (आधीच्या पिढीची चेटकीण म्हणजे दिलीप प्रभावळकर.) साडीतला तो एक पुरुष आहे हे पहिल्या रांगेतल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. तरी ते जिवाच्या आकांताने ओरडतं आणि नाटक संपल्यावर त्याच चेटकिणीबरोबर फोटो काढायला रांगेत उभं राहतं. खरं आणि खोटं-खोटं दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवणं मुलांना जमतं. आपण ऑफिसला जायला लागलो की ही स्किल जाते बहुतेक. आणि हेच मतकरी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहायचे. मुलांना भुतं-राक्षस खेळायला द्यायचे आणि मोठ्यांना घाबरायला. बरोबर ओळखलं होतं त्यांनी.

आमच्या लहानपणी चाळीतही भुतं होतीच. जिन्याखाली एक, गच्चीच्या टाकीपाशी एक आणि कॉमन संडासाच्या शेवटच्या दाराशी सगळ्यात डेंजर. पण ती सार्वजनिक भुतं होती. वीस पोरांत मिळून एक. रात्री संडासला जायचं तर मित्राला उठवायचं, तो त्याच्या भावाला उठवायचा, आणि तिघं मिळून भुताला शिव्या घालत जायचं. त्यात कोकणातून आलेली घरं जास्त, त्यामुळे देवचारही असायचा, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. म्हणजे भूत हे फक्त घाबरायची गोष्ट नव्हतं, सोबतही होतं. चाळ फार ग्रेट होती असं मला म्हणायचं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहण्यात कसलं आलंय रोमँटिक! आणि भर गर्दीत एकटी पडलेली मुलंही मी पाहिलीत. पण तिथे कुणी एकटं बोलत बसलं तर ऐकायला चार जण असायचे. टॉवरमध्ये भूतही ज्याचं त्याचं सेपरेट.

सिनेमावाल्यांनी हे आपल्या आधी हेरलं. 2007 मध्ये 'माय फ्रेंड गणेशा' आला, 2008 मध्ये 'भूतनाथ'. एकात मित्र गणपती, दुसऱ्यात भूत अमिताभ बच्चन. पोरगं मात्र दोन्हीकडे सारखंच. एकाचे आईबाप कामात, दुसऱ्याचा बाप बोटीवर. गणपती मित्र असला की आपण टाळ्या वाजवतो. आमच्या लालबागमध्ये तर गणपतीशी, त्याच्या उंदराच्या कानाशी तासन्‌तास बोललेलं चालतं, रांग लावून बोलतात लोक. न दिसणाऱ्याशी बोलण्याला कुणाचीच हरकत नाही, फक्त तो कोण हे मोठ्यांनी मंजूर केलेलं असलं पाहिजे.

बरं, घटकाभर मावशीचं खरं धरू. समजा पिंट्या खरंच तो 1982 चा पिंट्या आहे. मग? आपल्याकडे मुंजा म्हणतात तो तरी कोण? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर एकटाच बसलेला. 2024 मध्ये आदित्य सरपोतदारने त्याच्यावर 'मुंज्या' सिनेमा काढला आणि सगळे त्याला घाबरायला थिएटरात गेले. पण मुळात ते एक लहान पोर आहे ना? सात वर्षांचा एक मुलगा, त्याची चाळ पाडलेली, त्याच्या ओळखीचं कुणी उरलेलं नाही, तो सोळा जिने चढून खेळायला येतो. त्याच्यावर मोहऱ्या कसल्या टाकताय?

गमतीचा भाग सोडा. काळजी करावी अशीही वेळ असते, नाही असं नाही. मित्र मुलाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, मूल त्याला घाबरत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर सरळ डॉक्टरकडे जावं. मुलांचं वाडिया हॉस्पिटल परळलाच आहे. आणि कुठल्याही परिस्थितीत बाबा-बुवाकडे जाऊ नये. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत पहिलीच गोष्ट आहे ती भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीची. यादीत पहिली का, हे सांगायला नकोच. मावशी तिथपर्यंत जाणाऱ्यातली नाही, पण 'पोरीला काहीतरी लागलंय' हे वाक्य एकदा घरात उच्चारलं की पुढे ते कुणाच्या तोंडी जाईल सांगता येत नाही.

आणि हे वाक्य ऐकून सगळ्यात आधी काय झालं माहितेय? पुतणीने पिंट्याबद्दल बोलणं बंद केलं. तो गेला नाही, फक्त ती सांगेनाशी झाली. ड्राय बाल्कनीचं दार लावून घ्यायला लागली. मला पिंट्यापेक्षा ते लावलेलं दार जास्त खटकलं. साडेचार वर्षांच्या मुलीने आपली सगळ्यात आवडती गोष्ट लपवायची ठरवली, तर चौदाव्या वर्षी ती आईबापांना काय काय सांगेल?

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, सगळीकडे बीडीडी चाळींचा पुनर्विकास चाललाय. 160 स्क्वेअर फुटांच्या खोलीच्या जागी 500 स्क्वेअर फुटांचा फ्लॅट. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या. मिळायलाच हव्या होत्या, शंभर वर्षांच्या चाळीत किती पिढ्या कुजवणार? पण त्या नव्या घरांमधून पुढच्या काही वर्षांत बरेच पिंट्या येणार आहेत, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. कुणी कॅमेरे लावू नका. कबूतरंच सापडतील.

आमच्याकडचं म्हणाल तर दादाने कॅमेरा काढला. काउन्सेलर बाईंनी वहिनीला मी सांगितलं तेच सांगितलं, फक्त फी घेऊन :) मावशीला मी म्हटलं, तू फोनवर जे सांगतेस ते हिलाच सांग ना. आता चार वाजता दोघींची बैठक असते. मावशी चाळीतल्या गोष्टी सांगते, त्यात खरा पिंट्याही येतो, तो पतंग कुठून उडवायचा, कुणाच्या घरची लोणच्याची बरणी त्याने फोडली. बाल्कनीतला पिंट्याही ऐकायला येतो म्हणे. मावशी आधी त्याच्यासाठी वेगळी ताटली मांडायला तयार नव्हती. परवा गेलो होतो तेव्हा तीन ताटल्या होत्या, आणि तिसरीतली खारी मी उचलली तर दोघी एकदमच ओरडल्या.