चित्रशाळेच्या गावात फ्लेक्सचे राज्य

इ.स. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या सहकाऱ्यांच्या साह्याने पुण्यात 'चित्रशाळा' उभी केली, तेव्हा त्यांच्या हाती आलेले तंत्र स्वदेशी नव्हते. शिळाछापाची कला अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत जन्मली आणि साहेबाच्या मागोमाग हिंदुस्थानात आली. परंतु त्या परक्या तंत्राने काय छापायचे, याचा निर्णय मात्र शास्त्रीबुवांनी परक्यांवर सोपविला नाही. रामपंचायतन, देवदेवता, नाना फडणवीसांसारखे मराठेशाहीतील पुरुष यांची चित्रे चित्रशाळेतून बाहेर पडली आणि ज्या घरांत 'निबंधमाले'चे एक पानही वाचले जात नव्हते, अशा घरांच्या भिंतींवर जाऊन बसली. पराभूत समाजाला स्वतःचा चेहरा पुन्हा दाखविण्याचे हे कार्य होते. तंत्र बाहेरचे, आशय आतला, हा चित्रशाळेचा मंत्र होता.

सुमारे दीडशे वर्षांनंतर त्याच पुण्यातील चौकाचौकांत जे दिसते, ते या मंत्राचे विडंबन आहे. संगणकावर तासाभरात जुळवलेला आणि दुसऱ्या तासात छापून निघालेला फ्लेक्स आज पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा अधिकृत चेहरा झाला आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, सत्कार, पुण्यतिथी अशा कोणत्याही निमित्ताने रस्त्यावर चेहऱ्यांची भिंत उभी राहते. शिवछत्रपतींची प्रतिमा कोपऱ्यात नखाएवढी आणि 'भावी नगरसेवका'ची छबी हत्तीएवढी. गणेशोत्सवातील कमानीवर गजानन शोधावा लागतो. बांधकाम व्यावसायिक आणि सराफ मात्र न शोधता सापडतात. लोकमान्यांनी १८९३ पासून ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप देऊन राष्ट्रजागृतीचे साधन बनविले, त्याला २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. दर्जा शासनाने दिला. दर्जा राखायचा कोणी?

जीवघेणी शोभा

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता, तरी तो गंभीरच ठरला असता. पण या हव्यासाची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकविली आहे. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यातील जुना बाजार परिसरात, रेल्वेच्या जागेतील जाहिरात फलकाचा लोखंडी सांगाडा काढला जात असताना भर रस्त्यावर कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे वादळी वाऱ्याने फलक पडून पाच जणांचा बळी गेला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे सुमारे १२० फूट लांब-रुंद फलकाखाली सतरा जण गेले. सार्वजनिक जागांच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. बेकायदा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले आणि राजकीय पक्षांनी न्यायालयासमोर हमीही दिली. त्या हमीचे काय झाले, हे कळण्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याची गरज नाही. घराबाहेर पडून पहिल्या चौकापर्यंत चालत जाणे पुरेसे आहे.

येथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. हे फलक लावणारे हात परके नाहीत. कपाळावर टिळा, ओठांवर शिवरायांचा जयजयकार आणि मनगटावर भगवा धागा असणारे तरुणही त्यांत मोठ्या संख्येने आहेत. धर्माभिमान आणि आत्मप्रौढी यांतील सीमारेषा ज्या दिवशी पुसली जाते, त्या दिवशी भगवा रंग हा त्यागाचे प्रतीक न उरता छपाईच्या शाईतील एक छटा होऊन बसतो. हिंदुत्वाच्या विरोधकांना जे साधले नाही, ते हिंदूंच्याच हौसेने साधावे, याहून मोठे दुर्दैव कोणते?

बहिष्कार पुरेसा नाही

दुसरीकडे महानगरांतील जाहिरातविश्वाचे वर्तन सर्वांच्या परिचयाचे आहे. सण हिंदूंचा, खरेदी हिंदूंची आणि उपदेशही हिंदूंनाच, हा तेथील शिरस्ता होऊन बसला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, एका नामांकित वस्त्रकंपनीने आपल्या संग्रहाला 'जश्न-ए-रिवाज' असे नाव दिले. आक्षेप येताच तो मजकूर काढून टाकण्यात आला आणि तो दिवाळीचा संग्रहच नव्हता, असा खुलासा झाला. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीने विवाहवस्त्रांच्या जाहिरातीतून 'कन्यादान' या संस्काराला 'कन्यामान' असा पर्याय सुचविला. संस्काराचा अर्थ समजून घेण्याची तसदी न घेता तो सुधारण्याचा अधिकार कापडविक्रेत्यास कोणी दिला, हा प्रश्न रास्तच होता आणि हिंदू समाजाने तो विचारला, हेही योग्यच झाले.

पण विचारल्यानंतर पुढे काय? जाहिरात मागे घेतली गेली, विजय साजरा झाला आणि पुढच्या सणाला पुन्हा तीच कंपनी, तोच पडदा, तोच प्रेक्षक. बहिष्काराने चुकीची प्रतिमा हटविता येते. रिकाम्या झालेल्या जागी योग्य प्रतिमा आपोआप उगवत नाही. ती कोणी तरी घडवावी लागते. प्रतिकार हे समाजाच्या जिवंतपणाचे लक्षण असेल, तर निर्मिती हे त्याच्या सामर्थ्याचे लक्षण आहे. या दुसऱ्या कसोटीवर हिंदू समाजाने स्वतःला पारखून पाहण्याची वेळ आली आहे.

जपानचा धडा

१९९२ मध्ये पूर्ण झालेल्या रामायणावरील उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे उदाहरण या संदर्भात डोळे उघडणारे आहे. त्याची कल्पना आणि चिकाटी युगो साको या जपानी निर्मात्याची. राम मोहन यांच्यासारख्या भारतीय कलावंतांनी त्यात मोलाचा वाटा उचलला, हे खरे. पण प्रभु रामचंद्रांची कथा नव्या माध्यमात तितक्या श्रद्धेने उभी करण्याची तळमळ आधी तोक्योत जागी झाली, पुण्या-मुंबईत नव्हे. देशभरातील चित्रपटगृहांत तो रीतसर झळकण्यास २४ जानेवारी २०२५ हा दिवस उजाडावा लागला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, आणखी एक तमाशा घडला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने स्वतःचे छायाचित्र जपानमधील जिब्ली स्टुडिओच्या शैलीत रंगवून घेण्याची लाट आली आणि भारतीय तरुणाई तीत आनंदाने वाहून गेली. लग्नाची छायाचित्रे, आईवडील, नेते, देवस्थाने, सारे त्या एका साच्यातून काढले गेले. ती शैली मात्र यंत्राची नव्हे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेतील कलावंतांनी दशकानुदशके हाताने चित्रे काढून ती सिद्ध केली. तिच्या २००१ च्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटात जपानच्या लोकश्रद्धेतील देवदेवता वावरतात आणि त्याच चित्रपटाला २००३ मध्ये ऑस्कर मिळाले. स्वतःच्या मातीतील देव घेऊन जपान जगापुढे गेला. आणि येथील समाज स्वतःच्या देवांना जपानी वेष चढवून धन्य झाला!

यंत्राला भक्ती शिकवता येत नाही

कृत्रिम बुद्धिमत्तेचा धोका नेमका येथे आहे. यंत्र जे पाहते तेच ओकते. ज्या समाजाच्या प्रतिमा, ग्रंथ, मूर्ती आणि अक्षरे त्याच्यापुढे विपुल आणि शुद्ध स्वरूपात आहेत, त्या समाजाचे चित्र ते बरे काढते. ज्याच्या नाहीत, त्याचे विद्रूप काढते. गणपतीच्या हातातील पाश आणि अंकुश यांची जागा मूर्तिशास्त्राने ठरविली आहे. यंत्राला ती ठाऊक नसल्यास हात वाढतात, आयुधे बदलतात, सोंडेखाली कोठलीशी परदेशी बाहुली हसू लागते आणि शुभेच्छांची देवनागरी अक्षरे मोडून पडतात. ते चित्र क्षणार्धात हजारो भ्रमणध्वनींवर पोहोचते आणि लहान मुलाच्या मनात तोच गणपती ठसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेली महाभारताची मालिकाही पडद्यावर आली. असे प्रयोग वाढतच जाणार. त्यांना हसून किंवा केवळ शिव्या घालून ते थांबणार नाहीत. प्रश्न एवढाच उरतो की, त्यांमागे व्यासांचा अभ्यासक बसणार की केवळ विक्री-विभागाचा अधिकारी?

'जाहिरात हा धंदा आहे, संस्कृतिरक्षणाचा मक्ता धंद्याने का घ्यावा?' असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. इतिहास त्याला साक्ष देत नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे पुणे जिल्ह्यात मळवलीला आला. तेथील देवचित्रे विकलीच जात होती, फुकट वाटली जात नव्हती. गोमंतकातून आलेल्या रघुवीर मुळगावकरांनी आणि दीनानाथ दलालांनी दिनदर्शिका, मुखपृष्ठे यांसाठीच आयुष्यभर कुंचला चालविला, आणि तरीही मराठी घरांनी त्यांची चित्रे चौकटीत बसवून देवघरात लावली. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या 'कालनिर्णया'त पंचांगही आहे, साहित्यही आहे आणि जाहिरातही आहे. त्यांत कोणी कोणाला खाल्ले नाही. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या 'प्रभात'ने तिकिटे विकूनच 'संत तुकाराम' घराघरांत पोहोचविला. व्यवसाय आणि संस्कार यांचे वैर नाही. वैर आहे ते आळसाचे आणि संस्काराचे.

सामर्थ्य आहे, संकल्प हवा

पुण्याला तर साधनांची सबब सांगण्याचा अधिकारच नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक'ने येथेच भारतीय लिप्यांना संगणकावर स्थान मिळवून देणाऱ्या तंत्राचा विस्तार केला. मुद्रणव्यवसायाच्या अंगवळणी पडलेली 'श्री-लिपी' पुण्याचीच. विंडोजवरील 'मंगल' हा देवनागरी टंक घडविणारे र. कृ. जोशी हे जाहिरातक्षेत्रात वावरलेले मराठी सुलेखनकारच. टिळक रस्त्यावर 'अभिनव कला महाविद्यालय' आहे आणि 'प्रभात'च्याच भूमीवर १९६० पासून चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. अक्षर आहे, यंत्र आहे, कुंचला आहे, पडदा आहे. नाही ते एवढेच की, या चौघांना एकत्र आणून 'हे आपले कार्य आहे' असे सांगणारा यजमान.

तो यजमान गणेशोत्सव मंडळांच्या रूपाने गल्लोगल्ली उपस्थित आहे. देणगीदारांशिवाय उत्सव चालत नाही, हे मान्य. परंतु देणगीदाराचे नाव आणि देवाची प्रतिमा यांचे प्रमाण ठरविणे मंडळाच्याच हाती आहे. प्रत्येक मंडळाने कमानीचे काम कलाशाखेच्या एका विद्यार्थ्याला द्यावे, कार्यकर्त्यांची छबी फलकावर छापण्यास नकार द्यावा, विनापरवाना एकही फलक लावू नये आणि उत्सवातील निवडक चित्रे व देखावे योग्य माहितीसह संगणकावर सर्वांसाठी खुले करावेत. मंदिरांनी आणि संस्थांनी आपल्याकडील मूर्ती, पोथ्या व जुनी चित्रे यांचे शास्त्रशुद्ध संगणकीय जतन करावे, म्हणजे उद्याच्या यंत्राला शिकण्यासाठी खरा गणपती मिळेल. व्यावसायिकांनी दिवाळीची जाहिरात मुंबईतील इंग्रजी मेंदूतून मराठीत उतरवून घेण्याऐवजी मराठीतच विचार करणाऱ्या तरुणाकडून करून घ्यावी.

चिपळूणकरांना आयुष्य अवघे बत्तीस वर्षांचेही लाभले नाही. एवढ्या अवधीत त्यांनी मासिक, शाळा, वृत्तपत्रे आणि चित्रशाळा यांचा पाया घातला, तोही परकी सत्ता डोक्यावर असताना. आज सत्ता स्वकीयांची आहे, यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे आणि छपाईला शिळाही लागत नाही. तरीही चौकात जर केवळ भावी नगरसेवकच हसत उभा दिसणार असेल, तर दोष मेकॉलेच्या माथी मारून चालणार नाही. हिंदू समाजाने आपले देव, आपले वीर आणि आपली अक्षरे कोणाच्या हाती सोपवायची, याचा निर्णय पुढच्या गणेश चतुर्थीपूर्वी करावा. अन्यथा तो निर्णय बाजार करील, आणि बाजार कोणाची वाट पाहत नाही.