हिशेबात आई कुठे आहे?

स्वस्ताईचेही एक पाप असते. ते उधळपट्टीच्या पापासारखे डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याचा जाब सहसा कोणी विचारत नाही. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी कोणत्या उपायावर किती खर्च करावा, याविषयी पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातील एका हिशेबाचा जाब आज विचारणे मला अगत्याचे वाटते.

युगांडातील कंपाला येथे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. प्रसूतिवेणा सुरू होताच आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाची एक मात्रा, एवढाच तो उपाय. ज्या दुसऱ्या औषधाशी तुलना केली होती, त्यात साडेतीन महिन्यांच्या सुमारास १०० पैकी २५ बालके बाधित आढळली. नेव्हिरापिनने ती संख्या १३ वर आली. औषधाचा खर्च सुमारे ४ डॉलर. त्याच वर्षी खर्चाचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. जेथे दर दहा गर्भवतींपैकी तिघी बाधित आहेत, तेथे रक्ततपासणी व समुपदेशन करून औषध दिल्यास एका बालकाची बाधा टाळण्यास २९८ डॉलर लागतील. कोणाचीही तपासणी न करता सरसकट दिल्यास १३८ डॉलर पुरतील, असे त्यात दिसले.

वाचकांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. त्यांतील फरक कशाचा आहे? आईशी बोलण्याचा, तिच्या देहात काय आहे, हे तिला सांगण्याचा. तेवढे गाळले की हिशेब देखणा होतो! संशोधकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे मांडले. दोष प्रश्नाचा आहे. बाळाची बाधा किती पैशांत टळते, एवढेच विचारले गेले. आई किती वर्षे जगेल, हे विचारलेच नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तर ही गोळीसुद्धा अडवून धरली. कंपनी पाच वर्षे औषध फुकट देऊ करीत असताना ते प्रत्येक प्रांतात दोनच ठिकाणी मिळत होते. अखेर जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही बंदी मोडून काढली. औषधे रोखून धरण्याच्या त्या धोरणामुळे सुमारे ३५ हजार बालके बाधित जन्मली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. त्या वादात न्याय गोळीच्या बाजूने होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

परंतु लढाई जिंकल्याच्या आनंदात आपण सारे आईला विसरलो. त्या एकाच मात्रेने आईच्या शरीरातील विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, हे लवकरच ध्यानात आले. थायलंडमधील २००४ सालच्या अभ्यासात, पुढे नेव्हिरापिनयुक्त उपचार घेणाऱ्या मातांपैकी ज्यांनी बाळंतपणात ती गोळी घेतली नव्हती, त्यांतील ६८ टक्के मातांचा विषाणू सहा महिन्यांत आटोक्यात आला. ज्यांनी घेतली होती, त्यांच्यात हे प्रमाण ४९ टक्के होते. म्हणजे बाळाच्या स्वस्त रक्षणाची उधारी आईच्या नावावर लिहिली गेली होती.

माता-बाल आरोग्य म्हणता, त्यात माता कुठे आहे, असा प्रश्न ॲलन रोझनफिल्ड व डेबोरा मेन यांनी १९८५ सालीच केला होता. तो बाळंतपणातील मृत्यूंविषयी होता; पण येथेही तो तितकाच झोंबतो.

कोणी म्हणेल, पैसा मर्यादित आहे. एका आईला जन्मभर औषध देण्यापेक्षा अनेक बालके वाचवावीत. आक्षेप हलका नाही, पण हिशेब अर्धवट आहे. उपचार घेणारी आई अंगावर पाजताना होणारी बाधा टाळते, पुढचे मूल वाचवते. जोडीदाराला होणारी बाधा वेळीच केलेल्या उपचाराने ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ साली सिद्ध झाले. शिवाय तिचे मूल पोरके होत नाही. त्या पोरकेपणाची किंमत कोणत्या रकान्यात लिहिली होती? आणि औषधांची किंमत म्हणजे काही विधिलिखित नव्हे. वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरातील तिहेरी उपचार २००१ साली मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलरला देऊ केला होता.

शहाणपण शिकवले ते मलावीसारख्या दरिद्री देशाने. रोगप्रतिकारशक्ती मोजण्याची यंत्रे पुरेशी नाहीत, म्हणून २०११ मध्ये त्याने प्रत्येक बाधित गर्भवतीला जन्मभराचा उपचार द्यायचे ठरवले. एका तिमाहीत उपचार सुरू करणाऱ्या गर्भवती व स्तनदा माता १,२५७ होत्या. सव्वा वर्षात त्या १०,६६३ झाल्या. भारतानेही २०१४ पासून हेच धोरण स्वीकारले.

तरीही जुना हिशेब मेलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली आणि अनेक देशांत या सेवा विस्कळीत झाल्या. हात आखडला की पुन्हा सर्वांत स्वस्त उपायाचा शोध सुरू होतो. शोध अवश्य व्हावा. मात्र जो कोणी दर बाधेमागचा खर्च घेऊन पुढे येईल, त्याला बेरीज तपासण्यापूर्वी एकच विचारावे: बाई, तुला काय झाले आहे, हे तिला सांगण्याचे पैसे यात धरले आहेत का? धरले नसतील, तर तो कागद त्याला परत द्यावा.