‘एका दिवसात दात’ आणि हाडाचे वेळापत्रक

‘एका दिवसात पक्के दात’ अशा जाहिराती आता शहरांतून तालुक्याच्या एसटी स्थानकापर्यंत पोहोचल्या आहेत. सोबत हप्त्यांची सोयही असते. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट, म्हणजेच दंतरोपण, हा चांगला उपचार आहे, यात वाद नाही. प्रश्न आहे तो घाईचा.

दंतरोपणात टायटॅनियमचा छोटा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात आणि त्यावर कॅप चढवतात. स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले, की आत बसवलेले टायटॅनियम हाडापासून सुटतच नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला आणि ते रोपण चाळीस वर्षे टिकले. हाड धातूला घट्ट धरते, हेच या उपचाराचे मर्म. त्यासाठी हाडाला साधारण तीन ते सहा महिने लागतात. निवडक रुग्णांना त्याच दिवशी तात्पुरता दात देता येतो. पण तो निर्णय तपासणीनंतर घ्यायचा असतो.

तपासणीत जबड्याचा स्कॅन करून हाडाची उंची-रुंदी, खालची नस आणि वरचे सायनस पाहावे लागते. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा हिरड्यांतून पू येत असेल, तर आधी त्यावर उपचार हवेत. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतली जाणारी काही औषधे चालू असतील, तर तेही सांगायला हवे. धूम्रपान करणाऱ्यांत रोपण सैल होऊन निघण्याचा धोका बराच वाढतो, तर मिश्री-गुटख्याने हिरड्या खराब होतात. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. म्हणजे ही अडचण थोड्यांची नाही.

खर्चाची बाजूही महत्त्वाची आहे. हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. दंतरोपणाला तशी मर्यादा नाही. अपघात वगळता बहुतेक आरोग्य विम्यांतही दातांचा खर्च बसत नाही. त्यामुळे सारा भार खिशावर पडतो आणि ‘पॅकेज’चा मोह वाढतो. या मोहात कधी कधी रूट कॅनाल किंवा हिरड्यांच्या उपचाराने वाचू शकणारा दातही काढला जातो. तो परत येत नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. हा दात वाचणार नाही का? ब्रिज किंवा काढता-घालता येणारी कवळी चालेल का? एकूण खर्चात कॅप आणि पुढच्या तपासण्या धरल्या आहेत का? बसवलेल्या रोपणाची कंपनी आणि लॉट क्रमांक लेखी मिळेल का? पुढे कधी स्क्रू ढिला झाला, तर हीच नोंद उपयोगी पडते.

दात पडल्यावर वर्षानुवर्षे थांबणेही योग्य नाही, कारण रिकाम्या जागेचे हाड झिजत जाते. मात्र दुसरे मत घेण्यात गेलेल्या आठवड्याने नुकसान होत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत ते घेता येते. रोपण बसल्यावरही रोजची स्वच्छता चुकत नाही. टायटॅनियम किडत नसले, तरी त्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजते.