मॅडमचं नाव नंतर लावू

फेब्रुवारी २०२५मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी गाजली होती. स्थळ पसंत, बोलणी जवळपास पक्की, आणि ऐनवेळी मुलीच्या मामांनी मुलाचं सिबिल बघायला मागितलं. मुलाच्या अंगावर बरीच कर्जं निघाली आणि लग्न मोडलं. आता पत्रिकेऐवजी सिबिल जुळवा, असं म्हणत लोक हसले. मला मात्र मामा शहाणे वाटले. त्यांनी निदान वेळेवर विचारलं. एरवी नवरा-बायकोला एकमेकांची जुनी देणी कळतात ती फ्लॅटचं टोकन देऊन झाल्यावर, कर्जाच्या टेबलापलीकडे बसलेल्या परक्या माणसाच्या तोंडून.

माझ्या भाचीचं तसंच झालं. दोघंही नोकरदार, बदलापूरला भाड्याने राहणारे. पन्नास लाखांचा फ्लॅट ठरवला. बँकेने दोघांचे सिबिल अहवाल काढले, तर जावयाच्या अहवालात एका टेम्पोचं कर्ज! लग्नाआधी तो मित्राला जामीन राहिला होता. ‘नुसती सही तर करायची होती,’ असं त्याचं म्हणणं. पण १८७२चा करार कायदा जामीनदाराला कर्जदाराइतकंच बांधतो. मित्राचे हप्ते थकले तेव्हा याच्याही नावापुढे नोंद झाली. पुढे मित्राने सगळं कर्ज फेडलं, पण अहवालात ते अजून थकलेलंच दिसत होतं.

भाचीचं प्रकरण क्रेडिट कार्डाचं होतं. भाऊजींच्या आजारपणात तिने रुग्णालयाची बिलं कार्डावर भरली. थकबाकी सत्तर हजारांवर गेली, वसुलीवाल्यांचे फोन ऑफिसात यायला लागले. शेवटी चाळीस हजारांवर ‘सेटलमेंट’ झाली. पत्र आलं, फोन थांबले, तिने सुटकेचा श्वास सोडला. प्रत्यक्षात त्या दिवशी तिच्या अहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडला होता. त्या शेऱ्यातून पुढची बँक एवढंच वाचते की, या बाईंनी पूर्ण पैसे दिलेले नाहीत. हप्त्याला किती दिवस उशीर झाला, हे अहवालात महिन्यागणिक लिहिलेलं असतं. उशीर का झाला, याला रकाना नाही. भाऊजींचं आजारपण त्यात कुठेच सापडणार नाही.

सिबिलचा आकडा ३०० ते ९००मध्ये असतो. साडेसातशेच्या पुढे असलात तर बँका खुशीने चहा पाजतात. ही दोघं त्याच्या बरीच खाली होती. मग कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटाने अगदी आपुलकीने तोडगा सुचवला. साहेबांचं दुरुस्त होण्यासारखं आहे, मॅडमचं जरा अवघड दिसतंय. तेव्हा फाईल साहेबांच्या एकट्याच्या नावाने टाकू. मॅडमचं नाव काय, नंतर लावू.

सल्ला व्यवहारी होता. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पटला. पण त्यातली मेख कोणी बोलून दाखवली नाही. घरात जो सहमालक, त्याने कर्जातही सहकर्जदार व्हावं, असा बँकांचा आग्रह असतो. म्हणजे जी कर्जाच्या फाईलमधून बाहेर पडली, ती खरेदीच्या करारातूनही बाहेर पडते. हप्ता मात्र दोघांच्या पगारातून जाणार. त्याच्या पगारातून बँकेचा हप्ता, तिच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि सासऱ्यांची औषधं. वीस वर्षांनी हिशेब मांडायची वेळ आली तर त्याच्या बाजूला बँकेचं स्टेटमेंट असेल. हिच्या बाजूला काय असेल?

नवऱ्याच्या नावावरच्या घरात राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. निव्वळ लग्न झालं म्हणून आपल्याकडे बायको त्या घराची मालकीण होत नाही. शेजारच्या गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात. पत्रादेवीचा नाका ओलांडून अलीकडे आलं की कागदावर ज्याचं नाव, त्याचं घर. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्र सरकार २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देतं. सरकार म्हणतं बाईचं नाव लावा, फाईल म्हणते बाईचं नाव काढा.

‘नंतर लावू’ हे अशक्य आहे असं नाही. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च निराळा. पण घर तारण असेपर्यंत त्यासाठी बँकेची परवानगी लागते. ती मागायला, वकील गाठायला, एक दिवस रजा काढून निबंधक कार्यालयात बसायला संसारात सवड कोणाला असते? मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ते ‘नंतर’ आलंच नाही. सोसायटीच्या फॉर्मवर बायकोला नॉमिनी केलं की काम झालं, असं समजतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. उलटही घडतं. नवऱ्याचा धंदा बुडालेला असतो, सगळं बायकोच्या नावावर होतं आणि वीस वर्षं राबूनही तो कागदोपत्री पाहुणाच राहतो.

भाचीने टोकन सोडलं. घरात आदळआपट झाली, पण वर्षभर थांबायचं ठरलं आणि हे वर्ष दोघांनी कामी लावलं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पतमाहिती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावाच लागतो. ते सगळे काढून दोघांनी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर वाचले. भाची म्हणाली, “मावशी, आमच्या लग्नातला सगळ्यात अवघड रविवार होता तो.” टेम्पोच्या नोंदीबद्दल जावयाने लेखी तक्रार केली. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख केला आणि नोंद सुधारली. भाचीने सेटलमेंटमध्ये सोडून दिलेली उरलेली रक्कम आपणहून भरली, ‘नो ड्यूज’चं पत्र घेतलं आणि ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून घेतलं. उशिराच्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या नाहीत. त्या हळूहळू मागे पडतात. पैसे घेऊन सिबिल ‘साफ’ करून देतो म्हणणारे भेटले, त्यांना दारातूनच परत पाठवलं. खऱ्या नोंदी कोणी पुसू शकत नाही आणि चुकीच्या नोंदी दुरुस्त करायला पैसे पडत नाहीत. एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकायचा मोहही आवरला, कारण प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि माणूस गरजू दिसायला लागतो.

वर्षाने दोघांच्या नावे अर्ज केला. एका गृहवित्त कंपनीने चाळीस लाख मंजूर केले, पण नेहमीपेक्षा एक टक्का चढ्या दराने. वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी हप्ता पडला असता सुमारे ३४,७०० रुपये. साडेनऊने तो ३७,३०० होतो. वडीलधाऱ्यांनी लगेच गुणाकार केला: वीस वर्षांत सहा लाखांवर नुकसान, एका नावासाठी!

हा गुणाकार अर्धवट आहे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड वैयक्तिक कर्जदाराकडून घेता येत नाही. दोन-तीन वर्षं हप्ते वेळेवर गेले, आकडा सुधारला, की थोडं प्रक्रिया शुल्क भरून हेच कर्ज स्वस्त दराच्या बँकेकडे नेता येतं. म्हणजे जास्तीचे अडीच हजार वीस वर्षं जाणार नाहीत, दोन-तीन वर्षं जातील. फार तर लाखभर रुपये. तेवढ्यात पन्नास लाखांच्या घरात भाचीचा अर्धा हिस्सा करारावर नोंदला जातो. यापेक्षा स्वस्त सौदा मला तरी माहीत नाही. म्हणून एजंट ‘नंतर लावू’ म्हणाला, तर त्याला एवढंच विचारावं: नंतर म्हणजे कधी, आणि ते कुठल्या कागदावर लिहून देताय?