तारकांची साक्ष आणि देवाचे स्वामित्व

अलीकडे आमच्या देवस्थानांभोवतीच्या सुशिक्षित मंडळींत एक नवा छंद रुजला आहे. ऑनलाइन लिलावांत बोली लावून जुन्या पंचधातूच्या मूर्ती, समया आणि प्रभावळी घ्यावयाच्या व दिवाणखान्यात मांडावयाच्या. छंदाला आमचा विरोध नाही. जुने ते जतन व्हावे, असे कोणास वाटणार नाही? परंतु विक्रेता विश्वासू कशावरून, असे विचारताच ‘त्याच्या नावापुढे पाच तारका आहेत’ असे जे उत्तर मिळते, त्याशी मात्र आमचे भांडण आहे.

या तारका साक्ष देतात ती कशाची? पुडके वेळेवर आले आणि वस्तू न फुटता पोहोचली, एवढ्याचीच. मूर्ती कोणत्या गाभाऱ्यातून निघाली हे त्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. त्यांनी ते विचारलेलेही नसते. शिवाय टपालाची तिकिटे विकून मिळविलेला लौकिक लाखाच्या मूर्तीला तारण म्हणून चालावा, हा न्याय कोठला? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातलाच हा प्रकार.

विक्रेत्याची पारख करावयाची तर त्याला कायद्याच्या कसोटीवर घासून पाहावे. 1972 च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती विकण्याचा धंदा परवान्यावाचून करता येत नाही. म्हणून ‘दोनशे वर्षांची मूर्ती’ अशी जाहिरात करणाऱ्या येथील व्यापाऱ्याकडे प्रथम परवाना मागावा. तो नसेल, तर एक तर मूर्ती जुनी नाही, किंवा धंदा बेकायदा आहे. दोहोंपैकी काहीही खरे असले, तरी असा मनुष्य विश्वासू ठरत नाही. ज्याला आपले नाव व पत्ता सांगावयास संकोच वाटतो, पैसे लिलावाबाहेर परस्पर मागतो, मूर्तीच्या पाठीचे आणि तळाचे छायाचित्र देत नाही, त्याच्याशी बोलणेच खुंटले. आपल्याच माणसांकरवी गुपचूप बोली चढविणाऱ्या विक्रेत्याचा लिलाव तर 1930 च्या वस्तुविक्री कायद्याच्या 64 व्या कलमान्वये खरेदीदाराला लबाडीचा मानता येतो.

परंतु खरा प्रश्न मूर्तीच्या पूर्वेतिहासाचा आहे. ‘जुन्या घराण्याच्या संग्रहातील’ हे शब्द म्हणजे इतिहास नव्हे. विकणाऱ्यापाशी जो हक्क नाही तो घेणाऱ्यास मिळत नाही, हे त्याच कायद्याच्या 27 व्या कलमाचे मूळ तत्त्व. त्याला अपवाद थोडे. तंजावर भागातील पत्तूरचा नटराज 1976 साली जमिनीतून निघाला आणि हातोहात लंडनला पोहोचला. 1982 साली तो एका कॅनेडियन कंपनीने सद्भावाने विकत घेतला. विक्रेत्याने सांगितलेला पूर्वेतिहास खोटा होता. पुढे इंग्लंडच्या न्यायालयाने 1988 साली आणि अपील न्यायालयाने 1991 साली निवाडा दिला, तो देवळाच्या बाजूने. घेणाऱ्याची सद्भावना त्याच्या कामी आली नाही.

कोणी म्हणेल, आम्ही कागद पाहूनच घेतो. पाहिलेला कागद आणि पडताळलेला कागद यांत मोठे अंतर आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने 2008 साली श्रीपुरंदानचा नटराज सुमारे 50 लक्ष डॉलर्सना घेतला, तो कागदपत्रांसहच. ते बनावट निघाले. 2014 साली मूर्ती भारताला परत द्यावी लागली. तिची ओळख पटविण्यास पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील छायाचित्रे उपयोगी पडली. म्हणून पावती ज्याच्या नावाची असेल, त्याच्याकडेच स्वतंत्रपणे चौकशी करावी. विक्रेत्याने दिलेल्या फोन क्रमांकावर नव्हे.

‘बाजारातून देव सोडवून आणला, यात पाप ते काय?’ असा युक्तिवाद करणारे भाविकही आम्हांस ठाऊक आहेत. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. देव सोडविला म्हणता, तर ज्या देवळातून तो गेला तेथे तो पोहोचविला काय? तसे नसेल, तर तो केवळ एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत गेला. आणि तुम्ही मोजलेली रक्कम पुढच्या चोरीची आगाऊ मजुरी ठरली. जेथे गिऱ्हाईक नाही तेथे चोरही कुलूप फोडीत नाही.

गोव्यातील महाजनांस आणि अन्यत्रच्या विश्वस्तांसही एक सांगणे आहे. आपल्या देवस्थानातील प्रत्येक मूर्तीचे, पालखीचे, समईचे चहूबाजूंनी छायाचित्र, माप आणि वजन आजच नोंदवून ठेवावे व त्याची एक प्रत देवळाबाहेर सुरक्षित ठेवावी. आपला देव उद्या कोणाच्या लिलावात उभा राहिला, तर तो आपलाच, हे सांगावयास तारका येणार नाहीत. तेथे ही नोंदवहीच उपयोगी पडेल.