रक्त, संस्कार आणि राजपार्ट

माणूस रक्ताने घडतो की संस्कारांनी, हा प्रश्न प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी कित्येक शतके रंगभूमीवर खेळला गेला आहे. मालवणच्या उत्तरेस, आचऱ्याच्या किनारपट्टीत तो आजही खेळला जातो. भातकापणी उरकून कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की देवळापुढे दशावतारी उभे राहतात आणि मध्यरात्र उलटल्यावर एखाद्या आख्यानात कर्णाला त्याचे कुळ विचारले जाते. समोर बसलेल्या शेतकऱ्याला किंवा रापण ओढणाऱ्या गाबिताला त्या प्रश्नाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही.

महाभारतातील तो प्रसंग सत्तेचे मर्म उघड करणारा आहे. शस्त्रपरीक्षेच्या रंगणात कृपाचार्य कर्णाचे कुळ विचारतात आणि तो खाली मान घालतो. दुर्योधन तत्क्षणी त्याला अंगदेशाचा राजा करतो. जे बाहुबलाने मिळत नव्हते, ते एका अभिषेकाने मिळाले! कुळाचा प्रश्न किती पवित्र आणि किती सोयीचा, याचा याहून रोकडा पुरावा कोणता?

याच कर्णाची दुसरी बाजू भासाने 'कर्णभार' या एकांकी नाटकात मांडली. भासाची म्हणून ओळखली जाणारी ही नाटके गणपतीशास्त्र्यांनी त्रिवेंद्रमहून १९१२ पासून प्रसिद्ध केली आणि संस्कृत रंगभूमीच्या अभ्यासाला नवे दालन मिळाले. 'कर्णभार'मध्ये कर्ण शल्याला आपली जुनी व्यथा सांगतो. परशुराम त्याच्या मांडीवर डोके ठेवून निजले असता वज्रमुख किड्याने मांडी पोखरली. गुरूंची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने ती वेदना निमूट सोसली. जागे झालेल्या परशुरामांनी त्या सहनशक्तीवरूनच ताडले, की हा ब्राह्मण नव्हे, क्षत्रिय आहे. आणि शाप दिला. म्हणजे हस्तिनापुरात तो सूतपुत्र म्हणून नाकारला गेला आणि गुरूच्या आश्रमात क्षत्रिय म्हणून शापित झाला. जन्माने त्याला दोन्ही दारांतून बाहेर काढले. ज्या भूमीला परशुरामभूमी म्हणतात, तेथे हे आख्यान रात्रभर ऐकले जाते, ही गोष्ट सहज विसरण्याजोगी नाही.

भट्टनारायणाच्या 'वेणीसंहारा'त तिसऱ्या अंकात अश्वत्थाम्याच्या हिणवण्याला कर्ण बाणेदार उत्तर देतो: कोणत्या कुळात जन्मावे हे दैवाच्या हाती, पराक्रम मात्र आपल्या. सामाजिक समतेच्या व्यासपीठांवरून हे उत्तर असंख्य वेळा उद्धृत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु नाटककाराचा डाव येथे नीट ओळखला पाहिजे. प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते, की हा कुंतीचा पुत्र आहे. तेव्हा कर्णाचे शौर्य पाहून सूतकुळाची थोरवी कोणी मान्य करीत नाही. 'रक्त बोलले' एवढेच म्हणून मोकळे होतात. कालिदासाच्या शाकुंतलातही मारीच आश्रमात वाढलेला सर्वदमन सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहतो आणि राजवंश आपोआप सिद्ध होतो. अभिजात नाटक जन्माच्या श्रेष्ठत्वाला प्रश्न विचारते खरे, पण शेवटच्या अंकात बहुधा त्यालाच सिंहासनावर बसवते.

पश्चिमेकडेही निराळे घडले नाही. शेक्सपियरचे 'द टेम्पेस्ट' १६११ मध्ये इंग्लंडच्या राजदरबारात सादर झाले. मिलानचा पदच्युत ड्यूक प्रॉस्पेरो एका बेटावर येतो, तेथल्या कॅलिबनला भाषा शिकवतो, त्याच्याकडून बेटाची माहिती घेतो आणि अखेर त्याला लाकडे वाहायला लावतो. कॅलिबनने मिरांडेवर हात टाकण्याचा प्रयत्न केला होता, हे झाकण्याचे कारण नाही. पण त्यावरून प्रॉस्पेरो निकाल देतो तो एका गुन्ह्याचा नव्हे, जन्माचा: हा उपजतच सैतान, याच्या प्रकृतीवर कोणताही संस्कार टिकायचा नाही! गंमत अशी, की प्रॉस्पेरोचे राज्य बळकावणारा अँटोनिओ त्याचाच सख्खा भाऊ आहे. तेच रक्त, तोच राजवाडा. त्याच्या प्रकृतीविषयी असा निकाल कोणी देत नाही; त्याला क्षमा मिळते. आणि बेटावरील संगीताचे सर्वांत कोमल वर्णन शेक्सपियरने घातले आहे ते कॅलिबनच्याच तोंडी.

'प्रकृती आणि संस्कार' ही इंग्रजी शब्दजोडी पुढे १८७४ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने शास्त्राच्या दरबारात आणली आणि १८८३ मध्ये सुप्रजननाच्या विचाराला नाव दिले. त्याच्या थोडे आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. पारध्यांसारख्या समूहांतील मूल जन्मतःच संशयित ठरले. पुरुषांना चौकीवर हजेरी लागली. प्रॉस्पेरोचा संवाद कलमांत उतरला तो असा. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला. पण त्या कायद्याने शिकवलेली नजर आपल्या समाजाने किती सोडली, हे पारध्यांच्या पालावर जाऊन विचारावे.

संहितेने दिलेले उत्तर हे असे आहे. दशावतारात मात्र संहिताच नाही, आणि म्हणूनच तेथे नट वेगळे उत्तर देतो.

राजपार्ट करणारा हा नट दिवसा शेतात राबतो, कोणी सुतारकाम करतो, कोणी मजुरी. त्याला लिहून दिलेले संवाद नसतात. एक बाकडे, पायपेटी, पखवाज, झांज आणि कथेचा सांगाडा एवढ्या भांडवलावर तो पहाटेपर्यंत धर्म-अधर्माचा वाद संस्कृतप्रचुर मराठीत घालतो. ही भाषा त्याच्या घरात बोलली जात नाही. पोथ्या, कीर्तने आणि जाणत्या नटांच्या मागे बसून काढलेल्या शेकडो रात्री, ही त्याची शाळा. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असे त्याच्याविषयी म्हणतात. नेरूरचे सुधीर कलिंगण २०२२ मध्ये निवर्तले; त्यांना लोकांनी 'लोकराजा' म्हटले. ते बाबी कलिंगणांचे पुत्र. यावर कोणी पुन्हा म्हणेल, रक्त बोलले. पण नटाचा मुलगा पाळण्यापासून पेटाऱ्याशेजारी वाढतो, हे त्याने विसरू नये. वारशाने आले त्यात रक्त किती आणि जाग्रण किती, हे वेगळे काढण्याचा तराजू अद्याप कोणाला सापडलेला नाही.

आणि संकासुर! आडदशावतारात, म्हणजे पूर्वरंगात, वेद चोरणारा हा काळ्या वेषातला असुर मालवणीत बोलतो. भटजींची थट्टा करतो, श्रोत्यांना हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो. कॅलिबनला मालकाची भाषा उसनी घ्यावी लागली. कोकणच्या असुराच्या तोंडी प्रेक्षकांची स्वतःची बोली आहे. देव जिंकतो, पण त्या आधी संकासुराचे म्हणणे सारा गाव ऐकून घेतो.

'टेम्पेस्ट'च्या आरंभी बुडत्या गलबतावरचा नावाडी सरदारांना सुनावतो, की लाटांना राजाचे नाव ठाऊक नसते. आचऱ्याला हे सांगण्यासाठी वादळ लागत नाही. येथे इनामदार खुद्द देव रामेश्वर आहे. काही वर्षांच्या अंतराने त्याचा कौल होतो आणि गावपळणीत अवघा गाव, गुराढोरांसह, तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातो. मानकरी आणि मजूर, दोघांचाही निवारा झावळ्यांचा. चौथ्या दिवशी, देवाच्या कौलाने, ज्याचे त्याचे घर ज्याला त्याला परत मिळते हे खरे. पण त्या तीन रात्रींत चिरेबंदी वाडा कोणालाही उपयोगी पडत नाही.

आज चिंता आहे ती नटाच्या शाळेची. रात्रभराचा खेळ दोन-अडीच तासांवर आला आहे. ट्रिकसीनला गर्दी होते म्हणून मंडळे ट्रिकसीन करतात. त्यात त्यांचा दोष काढणे अन्यायाचे, कारण नटालाही पोट आहे. पण वेळ कापायचा म्हटला की पहिली कात्री लागते ती आडदशावताराला आणि दुसरी लांबलेल्या वादविवादाला. नवा मुलगा शिकतो तो नेमका त्या दोन ठिकाणी: आधी संकासुराच्या मागे झांज धरून, मग मोठ्या राजासमोर चार वाक्ये अडखळत बोलून. जत्रेचे मानकरी आणि देवस्थानांचे विश्वस्त मंडळांना सुपारी देताना पूर्वरंगासह पूर्ण रात्र मागू शकतात आणि त्या रात्रीचे वाढीव मानधनही देऊ शकतात. विजेच्या माळांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ती रक्कम फार मोठी नाही.