तळं बुजवलं, पण खाली झिरपलेल्या पाण्याचं काय?

रशियात चेल्याबिन्स्क भागात कराचाय नावाचं लहानसं तळं होतं. मायाक अणुप्रकल्पानं १९५१ पासून त्यात किरणोत्सारी सांडपाणी सोडलं. १९६७ च्या दुष्काळात काठ उघडे पडले अन् तो गाळ धूळ होऊन वाऱ्यानं आसपासच्या गावांवर, शेतांवर गेला. उन्हाळ्यात आटलेल्या तलावातली माती कशी उडते, ते आपण बघतोच.

मग पोकळ काँक्रीटचे ठोकळे, दगड, माती टाकत तळं बुजवलं. २०१५ मध्ये ते पूर्ण झाकलं. धूळ थांबली, हे कबूल. पण याला सफाई म्हणायचं? मला तरी पटत नाही. विष जागेवरच आहे, अन् जे भूजलात उतरलंय ते झाकण टाकून वर येत नाही. त्यावर नजर ठेवायला तिथं विहिरींचं पाणी तपासत राहावं लागतं.